आमच्याकडे तर उघडते

आपल्या संस्थेच्या कार्यालयात तीन संगणक आहेत, ही गोष्ट सभासदांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. एक ग्रंथपालांच्या टेबलावर, दुसरा कार्यवाहांच्या खोलीत आणि तिसरा दिवाळी अंकांच्या कपाटाच्या आडोशाला. या तिसऱ्याकडे कोणी पाहत नाही, त्याला स्वतःची खुर्चीही नाही. परंतु संस्थेचा सारा संसार त्याच्याच पोटात आहे. सभासदांची यादी, देणग्यांच्या पावत्या, ग्रंथालयाची दाखल नोंद, या पत्रिकेची मुद्रणप्रत आणि जुन्या अंकांची एकेक पान करून घेतलेली चित्रे. हे सर्व एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवलेले असून उरलेले दोन संगणक निळ्या तारेने त्याच्याशी जोडलेले आहेत. ज्याला जे लागेल त्याने आपल्या जागेवरून ते उघडावे, अशी ही व्यवस्था. ती सुरळीत चालू असते तोवर अशी काही व्यवस्था आहे याचीही कोणाला जाणीव नसते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. कार्यकारिणीत त्यावर चर्चा झाली आणि ग्रंथपालांसाठी विंडोज ११ चा एक नवा संगणक घेण्याचे ठरले. तिसऱ्या संगणकावरील विंडोज ७ ची देखभाल तर १४ जानेवारी २०२० रोजीच संपली होती; परंतु तो कपाटाआड असल्यामुळे कार्यकारिणीच्या नजरेतून सुटला. नवा संगणक आला, त्याला हार घालून नारळ वाढवण्यात आला, आणि दुसऱ्याच दिवशी कार्यवाहांचा दूरध्वनी आला की नव्यावरून सामाईक फोल्डर उघडत नाही, तुम्ही येऊन बघाल का? सेवेत असताना कार्यालयातले संगणक आम्ही स्वतः दुरुस्त करीत होतो, अशी एक आख्यायिका आमच्याविषयी प्रचलित आहे. ती कोणी पसरवली हे ठाऊक नाही. आम्हीही ती कधी खोडून काढली नाही.

तीन दुपारी या कामी गेल्या. त्या वाया गेल्या असे मात्र म्हणवत नाही.

नेटवर्कवरचे फोल्डर उघडेना म्हणजे बहुतेक मंडळी एकदम तळाशी जाऊन काहीतरी बदलू लागतात. आमची पद्धत जुन्या तपासणी अधिकाऱ्याची. आधी तार नीट बसली आहे का, तिच्या टोकाशी हिरवा दिवा लुकलुकतो का, हे पाहायचे. मग पिंग नावाच्या आज्ञेने पलीकडच्याला हाक मारून बघायची. एकदा आकड्यांच्या पत्त्याने आणि एकदा नावाने. पत्त्याने ओ आली आणि नावाने आली नाही, तर माणूस घरात आहे पण दारावरची पाटी बदलली आहे असे समजावे. आमच्या बाबतीत दोन्ही हाकांना उत्तर आले. 'नेटवर्क'च्या खिडकीत मात्र जुन्या संगणकाचे नाव दिसत नव्हते. पण यादीत न दिसणे आणि घरी नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीत नसलेल्या संगणकाचेही नाव दोन तिरक्या रेघांपुढे स्वतः टाइप केले, तर पुष्कळदा तो उघडतो. आमचा उघडला नाही.

मग लक्षात आले की नव्या संगणकाने आपल्या कार्यालयाचे वर्गीकरण 'सार्वजनिक नेटवर्क' असे करून टाकले आहे. रेल्वे स्थानकावर किंवा उपाहारगृहात बसल्यासारखा तो स्वतःला मिटून बसला होता. आम्ही त्याला समजावले, म्हणजे ते 'खासगी' केले. तेव्हा जुन्या संगणकाचे नाव यादीत दिसू लागले. पण त्यावर टिचकी मारताच नकार.

दुसऱ्या दिवशी खरे कारण सापडले. जुन्या संगणकावर कोणीतरी फार पूर्वी पासवर्डाची अटच काढून टाकली होती. कोणीही यावे, पाहुणा म्हणून आत जावे. आपल्या मंडळींच्या स्वभावाला ते साजेसेच आहे. परंतु मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने फाइली वाटून घेण्याच्या जुन्या, एसएमबी १ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीतील एका भगदाडातून जगभरच्या कार्यालयांत आणि रुग्णालयांत धुमाकूळ घातला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोजच्या नव्या प्रतींमधून ती जुनी पद्धत वगळण्यात येऊ लागली. पुढे २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीने आणखी एक पाऊल टाकले. तिची प्रो प्रत पासवर्डावाचून पाहुणा म्हणून कोणाच्या घरी जायलाच तयार नसते. म्हणजे इथे यजमानाने दार लावले नव्हते. पाहुणाच उंबऱ्याशी थांबून, आधी माझे नाव विचारा, मग येतो, असे म्हणत होता.

तेव्हा आम्ही पासवर्डाची अट पुन्हा घातली आणि जुन्या संगणकावर प्रत्येकाच्या नावाचे खाते उघडले. फोल्डरला दोन दरवाजे असतात, हेही या निमित्ताने ग्रंथपालांना समजावून सांगितले. एक वाटणीचा, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्याला लागणारा. दुसरा खुद्द डिस्कवरच्या परवान्यांचा. दोहोंत जो अधिक कडक, त्याचे चालते. वाड्याचा दिंडी दरवाजा सताड उघडा असला तरी देवघराला कुलूप असेल तर आलेला माणूस ओसरीवरच बसणार. पुष्कळ लोक दिंडी दरवाजा पुन्हा पुन्हा उघडून बघतात आणि देवघराकडे कोणी जात नाही.

तिसऱ्या दुपारी सारे काही उघडले. सभासदांची यादी उघडली, पावत्या उघडल्या, १९६० च्या आसपासच्या अंकांची पिवळी पाने पडद्यावर आली. आम्ही चहा सांगितला. आणि ग्रंथपाल म्हणाल्या, 'काका, लेखकसूची उघडत नाहीये.'

आमच्या ग्रंथपाल वयाने आमच्या मुलीहून लहान आहेत. जुन्या अंकांतील लेखकांची आणि लेखांची सूची त्या गेली दोन वर्षे एकटीने करीत आहेत. आम्ही कपाटाआडच्या संगणकापाशी उभे होतो. तिथल्या तिथे ती फाइल उघडून पाहिली. उघडली.

'आमच्याकडे तर उघडते आहे गं,' आम्ही म्हणालो.

त्यावर त्या घाईघाईने म्हणाल्या, 'काका, मी काही केलेलं नाही हो. खरंच. मी हातसुद्धा लावला नाही तिला.'

तिला कोणी काही विचारले नव्हते. आमचा हात मात्र माउसवर तसाच राहिला.

या पत्रिकेत आजवर आम्ही प्रवासवर्णने लिहिली, इंदूरच्या जुन्या वाड्यांविषयी लिहिले. शासकीय सेवेविषयी लिहायचे टाळत आलो. त्याची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक आता सांगतो.

आम्ही १९८२ साली मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत लागलो तेव्हा अभिलेखागारात लाल कापडाचे बस्ते होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, त्याच कुळातले हे बस्ते. आमच्या पहिल्या कार्यालयातील अभिलेखपाल कमरेला किल्ली लावून बसत. कागद हवा असेल तर त्यांच्यापुढे उभे राहावे लागे, वहीत सही करावी लागे आणि कुलूप असेल तर ते सर्वांनाच दिसे. साहेबांनाही ते कुलूपच दिसे. कागद साहेबांना मिळतो आणि बाबूला मिळत नाही, असे होत असे. पण तो मिळालेला नाही हे साहेबांना कळत नाही, असे होत नसे.

पुढे संगणक आले. २००८ च्या सुमारास आम्ही ज्या कार्यालयात होतो, तिथले तेरा संगणक एकमेकांना जोडण्यात आले आणि त्यांतल्या एकाला सामाईक फोल्डरचा मान मिळाला. सर्व्हर म्हणण्यासारखे ते काही नव्हते. टंकलेखनासाठी आलेले एक साधे यंत्र, त्यावर विंडोज एक्सपी. सकाळी अकरापर्यंत सर्व ठीक चाले. बारा वाजले की कोणाच्या ना कोणाच्या पडद्यावर नकाराची पाटी येई. रोज वेगळ्या माणसाच्या. विषाणूचा संशय घेऊन झाला, तारा बदलून झाल्या. एका बाबूने दुसऱ्यावर मुद्दाम अडवणूक केल्याची लेखी तक्रारसुद्धा केली. अखेर देखभालीच्या कंत्राटदाराकडील मुलाने सांगितले की या प्रकारच्या एक्सपीवर एका वेळी दहाच जण बाहेरून येऊ शकतात, अकराव्याला दार बंद. जो चहा पिऊन उशिरा जागेवर येई, तो अकरावा. तक्रार करणारे बाबू चहाला सर्वांत जास्त वेळ लावीत, हे त्या दिवशी सप्रमाण सिद्ध झाले.

२०११ मध्ये विंडोज ७ चे नवे यंत्र मिळाले आणि ते आमच्या खोलीत ठेवण्यात आले, कारण वातानुकूलन तेवढ्याच खोलीत होते. आम्ही जेवायला गेलो की अर्ध्या तासाने ते यंत्र झोपी जाई आणि त्याबरोबर साऱ्या शाखेचे फोल्डरही. म्हणून शिपायाला आम्ही दुपारच्या वेळी अधूनमधून माउस हलवण्याचे काम दिले होते. झोप न येण्याची सोय दोन टिचक्यांत करता येते, हे आम्हांला पुढे कळले. तोवर तो शिपाई निवृत्त झाला होता.

सांगायचे ते २०१२ च्या फेब्रुवारीतले. पदोन्नतीसाठी सुधारित वरिष्ठता सूची त्या दिवशी संध्याकाळच्या आत भोपाळला जायची होती. एका कर्मचाऱ्याचा आक्षेप मान्य झाल्यामुळे दोघांची जागा खालीवर झाली होती. सूची जाहीर होईपर्यंत कोणी पाहू नये म्हणून ती एक्सेलची फाइल आम्ही आमच्या फोल्डरमध्ये ठेवली होती, आणि तेवढ्याने समाधान न झाल्यामुळे त्या फाइलीच्या परवान्यांत आमच्याखेरीज इतर सर्वांची नावे काढून टाकली होती. असे करायला आम्ही नुकतेच शिकलो होतो. नवे शिकलेले वापरून पाहण्याची हौस पंचावन्नाव्या वर्षीही असते. दुपारी दुरुस्त्या पूर्ण झाल्यावर आम्ही ती फाइल आपल्या फोल्डरमधून ओढून शाखेच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकली आणि स्थापना शाखेतील बाईंना बोलावून सांगितले की सूची टाकली आहे, छापून सहीसाठी आणा.

या बाई आमच्याकडे सहायक ग्रेड तीन होत्या. पती सेवेत असताना वारले, म्हणून अनुकंपा नियुक्ती मिळाली होती. कार्यालयात साऱ्यांची भाषा हिंदी. आमच्याशीही त्या लोकांदेखत हिंदीतच बोलत आणि खोलीत दुसरे कोणी नसले तर मराठीत. इंदुरातल्या आपल्या पुष्कळ मंडळींची हीच रीत आहे. बाई वीस मिनिटांनी परत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, 'साहेब, सूची उघडत नाही.'

आमच्या समोरच ते यंत्र होते. खुर्चीतून न उठता आम्ही टिचकी मारली. फाइल उघडली.

'आमच्याकडे तर उघडते,' आम्ही म्हणालो. 'नीट बघा. घाईचं काम आहे.'

त्या थोडा वेळ थांबल्या. 'बाकीच्या सगळ्या फाइली उघडतात, ही एकच उघडत नाही,' असे त्यांनी सांगितले. आज कळते की संपूर्ण निदान त्या एका वाक्यात होते. तार ठीक, नाव ठीक, पासवर्ड ठीक, दिंडी दरवाजा उघडा. अडचण त्या एका फाइलीच्या परवान्यांत. आम्ही भोपाळशी दूरध्वनीवर बोलत होतो. हाताने त्यांना जायची खूण केली.

साडेपाचला सूची सहीसाठी आली. आम्ही सह्या केल्या आणि खास दूत रात्रीच्या गाडीने रवाना झाला. चौथ्या दिवशी भोपाळहून विचारणा आली. पाठवलेली सूची जुनी होती. मान्य झालेला आक्षेप तिच्यात नव्हता, आणि ज्याचा आक्षेप होता तो कर्मचारी वरपर्यंत पोहोचला होता. आमच्याकडून स्पष्टीकरण मागवण्यात आले होते.

वरून आलेला कागद खाली ढकलण्याची शासनाची एक चाल आहे आणि तीत आम्ही तीस वर्षांत तरबेज झालो होतो. त्याच दिवशी बाईंना कारणे दाखवा नोटीस गेली. मसुदा आमचा होता, कोणा बाबूचा नव्हे. सुधारित सूची सामाईक फोल्डरमध्ये उपलब्ध असताना आपण जुनी प्रत सादर केली, हे कर्तव्यपालनातील गंभीर दुर्लक्ष आहे, अशा आशयाचे वाक्य त्यात होते. 'उपलब्ध असताना' या शब्दांवर आमची सारी भिस्त होती.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहिताना कठीण वाटते. कार्यालयीन प्रतीला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती. तीवर बाईंच्या हातचे पेन्सिलीने लिहिलेले: नवी फाइल उघडली नाही, आपल्याकडच्या प्रतीवरून छापली, कृपया तपासावे. सही करताना ती चिठ्ठी आम्ही पाहिली होती की नाही, हे आज शपथेवर सांगता येणार नाही. साडेपाचची वेळ होती, गाडी गाठायची होती. नोटिशीचा मसुदा करताना मात्र ती आमच्यासमोर होती. आणि आम्ही तिचा अर्थ असा लावला की प्रत जुनी आहे हे बाईंना ठाऊक होते, म्हणजे चूक जाणूनबुजून झाली.

बाईंनी मार्चमध्ये उत्तर दिले. हिंदीत, पाच ओळींचे. फाइल उघडत नव्हती, हे साहेबांच्या निदर्शनास आणले होते, वेळ कमी असल्याने जवळची प्रत वापरली, क्षमस्व. आम्ही ते वाचून ठेवून दिले. एप्रिलमध्ये गोपनीय अहवाल लिहिताना त्यांची श्रेणी मागल्या वर्षापेक्षा एक पायरी खाली लिहिली आणि अहवाल वरच्या अधिकाऱ्याकडे गेला. सूचीचे शुद्धिपत्र तोवर निघाले होते. सुदैवाने कोणाची पदोन्नती हुकली नाही.

जुलैत कंत्राटदाराचा तो मुलगा दुसऱ्याच कामासाठी आला होता. आम्ही सहज त्याला म्हणालो की अमुक एक पत्र आम्ही सामाईक फोल्डरमध्ये टाकतो, पण शाखेत कोणाला ते उघडत नाही. त्याने त्या फाइलीवर उजवी टिचकी मारली, परवान्यांचे पान उघडले आणि म्हणाला, 'सर, इसमें तो सिर्फ़ आपका नाम है. आपने फाइल मूव की थी या कॉपी?'

एकाच डिस्कवर एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये फाइल हलवली, तर तिच्यावर लावलेले परवाने तिच्याबरोबर जातात. तिची प्रत काढून टाकली, तर प्रत नव्या घरचे परवाने घेते. दोन्हींत पडद्यावर दिसते ते अगदी सारखेच. फाइल सर्वांच्या फोल्डरमध्ये आलेली दिसते, नाव वाचता येते, तारीख दिसते. फक्त ज्याचे नाव परवान्यांत आहे त्याच्याखेरीज कोणालाही ती उघडत नाही. आणि ज्याच्याकडे ती उघडते, त्याला इतरांची अडचण स्वतःच्या यंत्रावर कधीच दिसू शकत नाही. त्या मुलाला हे सांगायला दोन मिनिटे लागली. तो चहा घेऊन गेला.

संध्याकाळी सर्व गेल्यावर आम्ही फेब्रुवारीची ती सूची शोधली. ती सामाईक फोल्डरमध्ये आम्ही टाकली तिथेच होती. परवान्यांचे पान उघडले. एकच नाव होते.

आता प्रामाणिकपणे पुढचे. दुसऱ्या दिवशी आम्ही बाईंच्या प्रकरणाची नस्ती मागवली आणि तीवर टीप लिहिली: प्राप्त उत्तर समाधानकारक आहे, प्रकरण नस्तीबद्ध करावे. ही टीप वाचून कोणालाही वाटावे की बाईंनी काही दोष केला होता आणि दयाळू साहेबांनी तो पदरात घेतला. दोष कोणाचा हे तीत नव्हते. शासकीय टिप्पणीत 'मी' हा शब्द फारसा येत नाही. निदर्शनास आले आहे, आढळून आले आहे, असे सारे कर्त्यावाचून चालते. त्या सवयीचा आम्ही त्या दिवशी पुरेपूर लाभ घेतला. गोपनीय अहवाल अजून वरच्या अधिकाऱ्याकडे पडून होता. आमचा अभिप्राय चुकीच्या माहितीवर आधारलेला होता, असे चार ओळींचे पत्र पाठवता आले असते. पाठवले नाही. आमचीही पदोन्नती त्या वर्षी विचाराधीन होती. ती मिळाली.

बाईंनी नोटिशीचा विषय पुन्हा कधी काढला नाही. एवढे मात्र झाले की खोलीत दुसरे कोणी नसले तरी त्या आमच्याशी हिंदीतच बोलू लागल्या. आमची बदली होईपर्यंत तसेच चालले. २०१९ मध्ये आम्ही निवृत्त झालो.

तर त्या दुपारी, कपाटाआडच्या संगणकापाशी, लेखकसूचीच्या परवान्यांचे पान आम्ही उघडले. आत काय दिसणार हे ठाऊक होते. ग्रंथपालांचे नाव तीत नव्हते, आमचे होते. आदल्या दिवशी फोल्डरांची आवराआवर करताना आम्हीच ती फाइल एका जागेवरून दुसरीकडे ओढली होती. तेरा वर्षांत आम्ही एवढीही सवय बदलली नव्हती. फोल्डरचे परवाने आतल्या सर्व फाइलींना लागू केले. ग्रंथपालांनी आपल्या जागेवरून टिचकी मारली आणि सूची उघडली.

'काय झालं होतं काका?' त्यांनी विचारले.

'आमची चूक होती. फाइल आम्हीच हलवली होती काल,' आम्ही म्हणालो. त्यांना ते एवढे साधे वाटले की त्या हसल्या आणि कामाला लागल्या. चहा आला होता, तो आम्ही न घेताच निघालो.

घरी आल्यावर पत्र लिहायला बसलो. सौ. म्हणाली, एवढ्या वर्षांनी कशाला उकरून काढता, त्यांना आठवतही नसेल. तसे असेल तर बरेच, असे आम्ही म्हणालो. पण पत्र लिहिले. मराठीत लिहिले. फाइल आम्ही बंद केली होती आणि ती तुम्हांला उघडणे शक्यच नव्हते. तुम्ही दारात येऊन सांगितलेले खरे होते. तुमची चिठ्ठी नोटिशीच्या वेळी आम्ही वाचली होती. जुलैत कारण कळले तरी आम्ही ते लिहिले नाही. आणि खाली पूर्ण नाव घालून सही. चार मसुदे झाले. पहिल्या तिघांत 'त्या वेळच्या परिस्थितीत' हे शब्द कुठून ना कुठून येत होते. या पत्राला शासनदरबारी काही किंमत नाही. निवृत्त अधिकाऱ्याच्या खासगी पत्राने तेरा वर्षांपूर्वीची श्रेणी बदलत नाही. पत्ता एका जुन्या सहकाऱ्याकडून मिळवला. बाई अजून सेवेत आहेत, याच शहरात, दुसऱ्या एका कार्यालयात.

सहाव्या दिवशी सकाळी दूरध्वनी आला.

'साहेब, पत्र मिळालं.' मराठीत.

आम्ही काही बोलू लागलो, ते मध्येच थांबवून त्यांनी विचारले, 'म्हणजे तुम्ही ती ओढून टाकली म्हणून उघडली नाही. कॉपी करून टाकली असती तर उघडली असती?'

'हो. उघडली असती.'

'मी त्या दिवशी सात वेळा करून पाहिलं होतं. शेजारच्या मशीनवरूनही पाहिलं. मग वाटायला लागलं, माझंच काही चुकतंय.' थोडे थांबून त्या म्हणाल्या, 'मुलगा इंजिनिअर झाला तेव्हा त्यालाही विचारलं होतं मी. तो म्हणाला, मशीन बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.'

मुलगा आता कुठे असतो, हे आम्ही विचारले. पुण्याला, म्हणाल्या. आमच्या गुडघ्यांची चौकशी केली. ते त्यांच्या लक्षात होते. मग म्हणाल्या, 'नोटीस ठेवलीये मी. घरच्या कागदांच्या पिशवीत आहे. हे पत्र तिलाच टाचून ठेवते.'

'ठेवा,' आम्ही म्हणालो.